लग्नसराई, पत्र्याची खोली अन् ४के एडिटिंग: तापून बंद न पडणारा प्रोसेसर कोणता घेऊ?

सेलूचा कॅमेरावाला

राम राम मंडळी. जरा मोठं लिहायलोय, सांभाळून घ्या.

मी सेलूला (जि. परभणी) लग्नाचं शूटिंग अन् एडिटिंग करतो. आधी दुसऱ्याच्या स्टुडिओत होतो आता स्वतःचं आहे, स्वतःचं म्हणजे घरावर एक पत्र्याची खोली काढलीय त्यात. अडचण अशीय की जुन्या लॅपटॉपनं (२०२० ला घेतलेला, कंपनीचं नाव घेत नाही, चार कोअर, १६ जीबी रॅम) या उन्हाळ्यात पार गुडघे टेकले. दुपारी बारा ते पाच कामाचं नावच नाही. टाइमलाइन ओढली की चित्र अडकतं, एक्सपोर्ट लावलं की पंखा असा ओरडतो की खालून आई विचारती, वर पिठाची गिरणी आणली का काय रे.

मागच्या आठवड्यात तर हद्द झाली. हळदीचा व्हिडिओ ९२ टक्क्यांवर आला अन् लॅपटॉप फट्‌दिशी बंद. परत लावला, ७० वर बंद. नवरीचा मामा खाली पायरीवर पेनड्राइव्ह घेऊन बसलेला, दर दहा मिनिटाला "झालं का हो?" शेवटी फ्रीजरमधल्या बर्फाची पिशवी टॉवेलात गुंडाळून लॅपटॉपखाली ठेवली (हसू नका) तेव्हा कुठं फाइल निघाली.

आता नवीन घ्यायचाय. बजेट ९० हजार, ओढूनताणून ९५. दुकानदार म्हणतो डोळे झाकून इंटेलचा एचएक्स घ्या, भाचा म्हणतो एएमडीचं रायझेन घे मामा ते थंड असतं, यूट्यूबवरचा एकजण म्हणतो इंटेलच्या कोअर अल्ट्राशिवाय बातच करू नका. मला एवढंच कळायलंय की भारी घेतला तर तापतो अन् हलका घेतला तर काम ओढत नाही, मग माणसानं घ्यावं तरी काय? खोलीत मे महिन्यात ४० च्या वरच असतं हे धरून सांगा. पुण्यात एसीत बसून केलेले रिव्ह्यू माझ्या काही कामाचे नाहीत.

आडवातिडवा

एसी घे.

सेलूचा कॅमेरावाला

पत्र्यात एसी म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरणं आहे भाऊ. लाइट बिल कोण भरणार, नवरीचा मामा का?

खटपट्या नांदेड

दादा, आधी ते बर्फाचं बंद करा, हात जोडतो. गार वस्तू खाली ठेवली की दमट हवेतलं पाणी आत बोर्डावर धरतं, घाम आल्यासारखं. तापून चिप मरत नाही इतक्या लवकर, पाण्यानं मात्र बोर्ड जातो. माझं दुकान दुरुस्तीचंच आहे, उन्हाळ्यात अशा दोनचार मशिनी येतातच, अन् गिऱ्हाईक शपथेवर सांगतं की पाणी लागलंच नाही.

दुसरं, नवीन घ्यायच्या आधी जुना एकदा उघडून बघा. प्रोसेसर तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो, त्यालाच थ्रॉटलिंग म्हणतात, तुमची टाइमलाइन अडकती ती बहुतेक त्यानंच. वेग कमी करूनही भागलं नाही तर शेवटी जीव वाचवायला वीज तोडतो. म्हणजे फट्‌दिशी बंद पडायलाय याचा अर्थ प्रोसेसर हलका आहे असा नाही, आतली उष्णता बाहेरच निघंना गेलीय. (अॅडप्टर, बॅटरी गेली तरी बंद पडतो म्हणा, पण पंख्याचं तुम्ही जे सांगायलात त्यावरून मला तरी हवेचाच खोळंबा वाटतो.)

परवाच मानवतकडचा एक लॅपटॉप आला होता, घर जिनिंगच्या बाजूला. पंखा काढला तर पंखा अन् जाळीच्या मधे कापसाच्या तंतूंची अशी घट्ट गादी बसलेली, चिमट्यानं धरून ओढली तर अख्खी एका तुकड्यात निघाली, गोधडीच्या आतल्या थरासारखी. वरून काहीच दिसत नाही. पंखा फिरतो, आवाज करतो, गिऱ्हाईकाला वाटतं लै हवा यायलीय, अन् हवा तिथल्या तिथंच. चिपवरची पेस्ट तर वाळून खडूसारखी झालेली. साफ केला, पेस्ट बदलली, झाला मोकळा. आपल्याकडं काळ्या मातीचा फुफाटा, वरून कापूस, वर्षातून एकदा तरी उघडावाच लागतो, मग तो ३० हजाराचा असो का दोन लाखाचा. अन् घरी व्हॅक्यूम क्लीनर लावून पंखा गरगर फिरवू नका, बोटानं धरून मग ब्रश मारा.

आता तुमच्या ४० डिग्रीचं. बहुतेक लॅपटॉपच्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की आजूबाजूची हवा ३५ डिग्रीपर्यंत असावी. आपण मे महिन्यात त्याच्या बाहेरच असतो. पंखा खोलीतलीच हवा आत घेणार, खोलीपेक्षा गार तो काहीच करू शकत नाही. साधा हिशोब धरा, २५ डिग्रीच्या खोलीत जी चिप ८० ला राहती ती ४० च्या खोलीत ९५ ला जाणार. म्हणून रिव्ह्यूत बघितलेल्या आकड्यात आपण १५ वाढवून वाचायचं.

पानगावचा पुणेकर

खटपट्या भाऊंच्या हवेच्या हिशोबाला शंभर टक्के. मी मूळचा लातूर जिल्ह्यातला, पुण्यात नोकरीला, एसीत बसतो हे कबूल 😄 तरी नावांचा गोंधळ तेवढा सोडवतो कारण दुकानदार नेमका तिथंच फसवतो.

आय५, आय७ हे बघूच नको. आकड्याच्या शेवटचं अक्षर बघ. इंटेलमध्ये यू म्हणजे साधारण १५ वॉटचा, पातळ लॅपटॉपचा. एच म्हणजे ४५ वॉटचा. एचएक्स म्हणजे ५५ वॉट, मुळात डेस्कटॉपची चिप लॅपटॉपमध्ये बसवलेली. पण हे आकडे म्हणजे लग्नपत्रिकेवरचा मुहूर्त, खरं लग्न कधी लागतं ते तुला माहितीच आहे. १३६५० एचएक्स कागदावर ५५ वॉटचा, टर्बोत (म्हणजे थोडा वेळ वाढवलेल्या वेगात) १५७ पर्यंत जाऊ शकतो. १३७०० एच ४५ चा, टर्बो ११५. हा टर्बो काही सेकंदांचा खेळ असतो, मग लॅपटॉप कंपनीनं ठरवलेल्या कायमच्या मर्यादेवर गाडी येते. तुझं एक्सपोर्ट ४० मिनिटं चालत असेल तर पहिल्या अर्ध्या मिनिटाचा वेग तुला काय कामाचा. कायमचे किती वॉट तो डबा पेलतो, तेवढं बघ. तोच आय७ एका लॅपटॉपमध्ये ३५ वर येऊन बसतो अन् दुसऱ्यात ७५ वर पळतो, नाव तेच, स्टिकर तोच.

रायझेनमध्ये तर नाव मोठं लक्षण खोटं असा प्रकार आहे. ७००० च्या सिरीजमध्ये तिसरा आकडा बघायचा. ७५२० यू मध्ये तिसरा २, म्हणजे झेन २ (झेन म्हणजे चिपच्या आतल्या रचनेची पिढी), जुनाच माल नव्या डब्यात. ७७३५ एचएस मध्ये ३, म्हणजे झेन ३ प्लस. ७८४० एचएस मध्ये ४, झेन ४, आठ कोअर, ४ नॅनोमीटर, ३५ ते ५४ वॉट. ८८४५ एचएस म्हणजे जवळपास तोच परत. अन् रायझेन एआय ९ एचएक्स ३७० च्या नावात एचएक्स आहे पण तो मूळ २८ वॉटचा, इंटेलच्या एचएक्सशी त्याचा काही संबंध नाही. नावं ठेवणाऱ्याला बक्षीस द्यायला पाहिजे.

तुझा भाचा अर्धा बरोबर आहे. ७८४० एचएस ३५-४५ वॉटमध्ये खरंच लै काम काढतो. माझं मत तोच घे, नाहीतर १३६२० एच (सहा मोठे, चार छोटे कोअर). एचएक्सच्या नादी लागू नको, आगीतून फुफाट्यात जाशील.

आणि १३व्या-१४व्या पिढीचे इंटेल खराब होतात असं कोणी घाबरवलं तर ते डेस्कटॉपच्या चिपांचं प्रकरण होतं, इंटेलनं २०२४ मध्ये त्यासाठी मायक्रोकोड (चिपच्या आतल्या सूचना) अपडेट काढले, लॅपटॉपवाल्यांना ती भानगड नाही असं त्यांनीच सांगितलंय.

बाभळीचा काटा

एवढी माथापच्ची कामून? डेस्कटॉप घ्या, मोठा कॅबिनेट, १२०० रुपयाचा कूलर, खेळ खल्लास. लॅपटॉपवर रेंडरिंग म्हणजे शेळीला नांगराला जुंपणं.

सेलूचा कॅमेरावाला

काटे भाऊ पटतंय, पण आजकाल लग्नाच्या दिवशीच रिसेप्शनला स्क्रीनवर सकाळचा व्हिडिओ पाहिजे असतो. मांडवाच्या मागं खुर्ची टाकून तिथंच कापतो मी. कॅबिनेट मोटरसायकलवर कसं न्यावं. शिवाय लाइट. गेली की डेस्कटॉप गेलाच.

बाभळीचा काटा

मांडवात कापायचं असंल तर बोलणंच खुंटलं. माघार.

रेषा रंग संभाजीनगर

मी आर्किटेक्ट आहे, दिवसभर थ्रीडी रेंडर चालू असतात, त्यामुळं तापण्याचं दुखणं मला चांगलंच माहिती आहे. पानगावच्या भाऊंचं एचएक्सबद्दल मला पटलं नाही म्हणून लिहिते.

मी आधी एच वाला पातळ, देखणा, दीड किलोचा लॅपटॉप घेतला होता. क्लायंटसमोर उघडायला छान. दहा मिनिटं रेंडर लावलं की कीबोर्डच्या वरची पट्टी इतकी तापायची की बोट ठेवलं तर चटका बसायचा, खोटं नाही सांगत, साइटवर एकदा चहाचा कप त्यावर ठेवला तर गार झाला नाही. वर्ष कसंबसं काढलं अन् विकला. नंतर एचएक्स घेतला, अडीच किलोचा ठोकळा, मागं दोन अन् बाजूला दोन हवेची तोंडं. आणि त्याला मी मोकळा सोडतच नाही, ४५ वॉटला बांधून ठेवते.

आता म्हणाल एचएक्स घेऊन ४५ ला बांधायचा तर एच का नाही घेतला? दोन कारणं. एक, एचएक्स बहुतेक जाड डब्यातच येतो, मोठे पंखे, मोठ्या तांब्याच्या पट्ट्या. मला चिपपेक्षा तो डबा पाहिजे होता. दुसरं, तेवढ्याच ४५ वॉटमध्ये १४ कोअर निवांत चालवले तर १० कोअर पळवण्यापेक्षा जास्त काम होतं. बाईकचं कसं असतं, ५० ला ॲव्हरेज देते अन् ९० ला टाकी पिते, प्रोसेसरचंही तसंच. शेवटच्या थोड्याशा वेगासाठी व्होल्टेज वाढवावं लागतं अन् सगळी उष्णता तिथंच तयार होते. माझा एक ठरावीक सीन आहे तो मोकळा सोडला तर १८ मिनिटं अन् चिप ९८ ला. ४५ वॉटला २१ मिनिटं अन् ८१-८२ डिग्री, पंख्याचा आवाजही फोनवर बोलता येईल इतका. तीन मिनिटांसाठी मी कशाला जीव जाळू.

बांधायचं कसं तर कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये कस्टम मोड असतो त्यात बघा, नाहीतर थ्रॉटलस्टॉप नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. काहीच जमलं नाही तर विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट १०० चं ९९ करा, टर्बो बंद होतो. पण ते बोथट हत्यार आहे, वेग फार पडतो, मांडवात अडचण आली तरच वापरा.

पानगावचा पुणेकर

ताई डब्याचा मुद्दा मान्य. पण दुकानात माणूस एचएक्स मोकळाच वापरतो ना, बांधतं कोण? दहातले नऊ जण सेटिंग उघडतच नाहीत.

रेषा रंग संभाजीनगर

ज्याच्या बुडाखाली चटका बसतो तो उघडतो 😄

बीडचा फोकस

थांबा थांबा. सगळे वॉटवर भांडायलेत पण कोणी हे विचारलंच नाही की दादा तुमची फाइल कुठली? मी पण लग्नाचंच करतो, बीडला. कॅमेरा कुठला अन् एडिटिंग कशावर? एडियस का प्रीमियर? क्लिपचे डिटेल्स बघून सांगा, ४:२:० का ४:२:२, ८ बिट का १० बिट. यावर अर्धा निर्णय आहे.

सेलूचा कॅमेरावाला

सोनी ए७ फोर आहे, गेल्या वर्षी घेतला. विधीचं सगळं एडियसवर, टीझर अन् हायलाइट प्रीमियरवर. आत्ता क्लिप बघितली, ४:२:२ १० बिट दाखवायलंय. ग्रेडिंगला चांगलं म्हणून एकानं लावून दिलं होतं. त्याचा अन् प्रोसेसरचा काय संबंध?

बीडचा फोकस

हेच! अख्खा संबंध आहे. सांगतो.

४:२:२ १० बिट फाइलमध्ये रंगाची माहिती जास्त असती, ती उलगडायला (डिकोड) लै मेहनत पडती. प्रोसेसरमध्ये त्यासाठी वेगळा तुकडा असला तर तो गपगुमान उलगडतो, चिप तापत नाही. नसला तर सगळे कोअर त्या कामाला जुंपले जातात, अन् तुम्ही नुसतं प्ले दाबलं तरी पंखा सुरू. तुमची टाइमलाइन ओढली की अडकती ना, एक्सपोर्ट तर लांबच, ते याच्यामुळं पण असू शकतं. जुन्या लॅपटॉपच्या वेळी हा कॅमेराच नव्हता तुमच्याकडं.

आता कोणाकडं हा तुकडा आहे? इंटेलच्या आतल्या ग्राफिक्समध्ये क्विक सिंक असतं, ११व्या पिढीपासून ते एच.२६५ चं (एच.२६४, एच.२६५ म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धती) ४:२:२ १० बिट उलगडतं. रायझेनच्या ग्राफिक्सला हे जमत नाही. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांचं म्हणाल तर ३०५०, ४०५०, ४०६० यांना पण ४:२:२ जमत नाही, ते ५० च्या सिरीजपासून (२०२५) आलं. म्हणजे ७८४० एचएस अन् ४०५० अशी भारी जोडी घेतली तरी तुमच्या क्लिपसाठी दोघंही हात वर करणार अन् सगळा भार परत कोअरवर. एरवी ७८४० एचएस माझा पण आवडता आहे, पण तुमच्या कामाला नाही. अन् एडियसचा जीव तर वर्षानुवर्षं क्विक सिंकमध्येच अडकलेला आहे, आपल्या धंद्यात सगळीकडं इंटेल दिसतं ते उगं नाही.

दोन खाचखळगे मात्र आहेत, मी दोन्हीत पडलोय.

पहिला, क्विक सिंकला एच.२६५ वालं ४:२:२ कळतं, एच.२६४ वालं ४:२:२ नाही. सोनीत एक्सएव्हीसी एस म्हणजे एच.२६४ अन् एक्सएव्हीसी एचएस म्हणजे एच.२६५. नावात एका अक्षराचा फरक, कामात जमीन अस्मानाचा. तुमचं कुठलं आहे बघा.

दुसरा, गेमिंग लॅपटॉपमध्ये एक सेटिंग असतं, फक्त एनव्हिडिया चालू अन् आतलं ग्राफिक्स बंद (मक्स स्विच म्हणतात). दुकानदार किंवा भाचा गेमसाठी ते दाबून ठेवतो. आतलं ग्राफिक्स बंद म्हणजे क्विक सिंक पण बंद. मी पंधरा दिवस नव्या लॅपटॉपला शिव्या घातल्या, परत करायला निघालो होतो, अन् एका पोरानं येऊन ते सेटिंग हायब्रिडवर केलं, लोण्यासारखी टाइमलाइन चालायला लागली. पंधरा दिवस!

सेलूचा कॅमेरावाला

अर्रर. एक्सएव्हीसी एस आहे माझं. म्हणजे वर्षभर मीच बैलाच्या गळ्यात लोढणं बांधून पळ म्हणत होतो की.

खटपट्या नांदेड

पण पंखा तरी साफ कराच 😀

मऊ भाकर

मॅकबुक एअर का नाही सांगत कोणी? तापत नाही, आवाज नाही, बॅटरी दिवसभर.

बीडचा फोकस

एअरमध्ये पंखाच नाही, आवाज कुठून येणार. छोट्या कामाला झकास आहे अन् ४:२:२ पण छान उलगडतं, नाही म्हणत नाही. पण लांब एक्सपोर्टला पंख्याशिवाय वेग कमी करून बसतं, ४० डिग्रीत तर जास्तच. पंखा पाहिजे तर प्रो, ते बजेटच्या बाहेर. अन् एडियस मॅकवर चालतच नाही, विषय संपला.

पानगावचा पुणेकर

माझं रायझेनचं मत मागं घेतो, ४:२:२ चं डोक्यातच आलं नाही. फोकस भाऊंना सलाम. मग कोअर अल्ट्रा ७ १५५ एच पण बघायला हरकत नाही, मूळ २८ वॉटचा, टर्बो ११५, सोळा कोअर. पण ९० हजारात ग्राफिक्स कार्डासकट जाड डब्यात मिळाला तरच. अल्ट्रामधले शेवटी व्ही असलेले (२०० व्ही सिरीज) घेऊ नको, बॅटरीला ते राजे आहेत पण आठच कोअर अन् रॅम चिपवरच चिकटवलेली, १६ घेतली तर जन्मभर १६.

आणि दुकानात पैसे मोजायच्या आधी एक कर. पेनड्राइव्हमध्ये सिनेबेंच आर२३ (प्रोसेसरला पूर्ण ताण देणारं सॉफ्टवेअर) अन् एचडब्ल्यूइन्फो (वॉट, डिग्री दाखवणारं) घेऊन जा. सिनेबेंच दहा मिनिटांचा लूप लावायचा, बाजूला एचडब्ल्यूइन्फोमध्ये सीपीयू पॅकेज पॉवर बघायची. पहिल्या मिनिटाचा आकडा सोडून दे, आठव्या-नवव्या मिनिटाला किती वॉट अन् किती डिग्री ते लिहून घे. दुकानात एसी असतो, म्हणून १५ वाढव. तिथंच ९५ दाखवत असंल तर सेलूत त्याचं काय होईल.

सेलूचा कॅमेरावाला

तीन आठवडे झाले, मधे चार लग्नं होती म्हणून उशीर. काय केलं ते सांगतो.

पहिलं, जुना नेऊन साफ करून आणला (गावातच, खटपट्या भाऊ नांदेडला यायला जमलं नाही). तुम्ही म्हणलात तशी गादी निघाली, माझ्यात कापूस कमी अन् अक्षता, हळद जास्त. खरंच सांगायलो, पंख्याच्या पात्यांवर पिवळा थर होता. मांडवात बसून कापण्याचं फळ. आता बंद पडत नाही, अल्बम डिझाइनला ठेवलाय.

मग देवगिरी एक्सप्रेसनं सिकंदराबादला गेलो, आमच्याकडचे बरेच जण तिकडंच घेतात. दोन दुकानांत सिनेबेंच लावू दिलं नाही, तिसऱ्यानं तोंड वाकडं केलं पण लावू दिलं, चहा पण पाजला. तिथं दोन मशिनी बघितल्या. एक पातळ, १३७०० एच, नवव्या मिनिटाला ३८ वॉट अन् ९४ डिग्री. दुसरी जाड, १३६५० एचएक्स, ४०५० कार्ड, नवव्या मिनिटाला ८० च्या आसपास वॉट अन् ९१. दुकानदार म्हणायला की दोन्ही आय७ आहेत साहेब, काही फरक नाही. मी नुसता हसलो. जाडी घेतली, रॅम वाढवून घेतली, सगळं मिळून ९४ गेले.

घरी आल्यावर ताईंनी सांगितलं तसं ५० वॉटला बांधली (४५ ला का नाही ते माहीत नाही, मन होईना). कॅमेरा एक्सएव्हीसी एचएस वर केला. हायब्रिड मोड बघितला, दुकानातून येतानाच एनव्हिडियावर दाबून ठेवलेला होता! फोकस भाऊ तुमचे पंधरा दिवस माझे वाचले.

परवा भर दुपारी तीनला, कूलर चालू, खोलीत ३८, सव्वादोन तासाचा विधीचा व्हिडिओ एडियसमधून काढला. चिप ८४ च्या वर गेली नाही. टाइमलाइन पाण्यासारखी. खाली लाकडाच्या दोन पट्ट्या लावून मागची बाजू उचललीय, त्यानं पण तीन-चार डिग्री पडतात. आधी मी गादीवर ठेवून काम करायचो हे तुम्हाला सांगितलंच नव्हतं, शिव्या खाल्ल्या असत्या.

एक शंका राहिली. लाइट गेली की बॅटरीवर एक्सपोर्ट निम्म्या वेगानं चालतं. हा फॉल्ट आहे का?

खटपट्या नांदेड

फॉल्ट नाही दादा. बॅटरी एवढे वॉट देऊ शकत नाही म्हणून बॅटरीवर सगळेच कार्डवाले लॅपटॉप हात आखडते घेतात. अॅडप्टर इन्व्हर्टरवर घ्या, पण किती वॉटचा आहे ते त्याच्या पाठीवर वाचा, २३० चा असंल तर त्या इन्व्हर्टरवर पंखा-ट्यूबच्या वर दुसरं काही ठेवू नका. अन् दिवसभर चार्जरला लावून ठेवता तर चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायचं सेटिंग चालू करा, गरम खोलीत १०० टक्के भरलेली बॅटरी लवकर फुगते. कूलरच्या तोंडासमोर नका ठेवू, नवीन वाळा लावला की तुषार उडतात.

रेषा रंग संभाजीनगर

गादीवर?? 🤦‍♀️

पानगावचा पुणेकर

रॅम १६ च्या दोन पट्ट्या लावल्यात की ३२ ची एकच? टास्क मॅनेजरमध्ये मेमरीत जाऊन स्लॉट बघ. एकच असंल तर आतलं ग्राफिक्स अर्ध्या रस्त्यावर चालायलंय, अन् तुझं सगळं काम त्याच्याच जिवावर आहे.

सेलूचा कॅमेरावाला

बघितलं. १ ऑफ २ लिहिलंय. दुकानदाराला फोन लावायलोय.